जावईबुवांचं झाड आणि तुमचा ससा

चिखली,
अधिक महिन्याचे उरलेले चार दिवस

ती. पंजाबराव भाऊजी,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालायची आपल्याकडे रीत आहे. पण सध्या आमच्या घरात जो माणूस जमिनीवर आडवा होतो त्याचे केस कुरतडले जातात, म्हणून उभ्याउभ्याच हात जोडतो. तेवढ्यावर भागवून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? ताईची साखर आटोक्यात आहे ना? (तिला विचारू नका, ती "बरी हाये" म्हणेल. फ्रीजच्या मागची बरणी उघडून बघा.) इकडे आम्ही माणसं ठीक आहोत. फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यला हा बाबा, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या शब्दापुढे आजवर जाऊ दिलेलं नाही, आणि आजचं प्रकरण तीन शब्दांत मावणारं नाही.

तर गाऱ्हाणं असं, की गेला महिनाभर मला वर्तमानपत्राचं शेवटचं पान अखंड वाचायला मिळालेलं नाही. हसू नका. ज्याचं कृषी केंद्र आहे, ज्याच्याकडे गिऱ्हाईक बियाण्याच्या आधी बाजारभाव विचारतं, त्याच्या हातात येणाऱ्या पानावर सोयाबीनच्या जागी अर्धचंद्रासारखं भोक असेल तर त्यानं काय सांगावं? परवा तुरीचा भाव शाबूत होता, पण तो कोणत्या गावचा हे पोटात गेलेलं. मी मलकापूरचा भाव खामगावचा म्हणून ठोकून दिला आणि एक सद्गृहस्थ उंद्रीहून भाड्याची गाडी करून भलत्याच दिशेनं गेले. त्याआधी एका निधनवार्तेतलं नाव खाल्लं गेलं आणि फोटो तेवढा राहिला. त्या चेहऱ्याचा माणूस मला त्याच संध्याकाळी पानटपरीवर भेटला, मी त्याच्याकडे बघून टोपी काढली, आणि मग कळलं की गेले ते त्याचे मोठे बंधू. तो माझ्याशी अजून बोलत नाही. हे सगळं करणारा प्राणी, भाऊजी, तुमचा आहे.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पिंपळगाव राजात ससेपालन सुरू केलंत. कंपनीचा माणूस टाय लावून आला, ससे देऊन गेला, आणि पिल्लं विकत घ्यायला येतो म्हणाला तो काही परत आला नाही. सशांना मात्र ही बातमी कोणी सांगितली नाही, ते आपलं काम करत राहिले. मग तुम्ही गावात ससे वाटले, व्याह्यांकडे वाटले, ग्रामसेवकाला एक जोडी दिली (त्याची बदली झाली; योगायोग असेल). शेवटी हा एक उरला, त्याचं गिऱ्हाईकही ठरलं, नांदुरा रस्त्यावरचा ढाबेवाला. पण अधिक लागला. अधिकात ढाब्यावर कोणी मटणाचं नाव घेत नाही, म्हणून तो म्हणाला, महिना झाल्यावर नेतो. तोवर तुमच्या अंगणात कुत्री फार, म्हणून तुम्ही टोपली आमच्या ओट्यावर ठेवलीत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "नारायणराव, महिनाभर सांभाळा. अधिक सरला की मी येतोच. वंदनाले काई सांगू नका, बायका उगीच जीव लावतात."

मी सांगितलं नाही. तिनं जीव लावला तो न सांगताच. आमच्या पोरीचं, पुष्पांजलीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून आमच्या घरात दुपारी घड्याळाचाच काय तो आवाज. आता दुपारी कोणीतरी पायात येतं, कोथिंबीर मागतं, पदर ओढतं. मी त्याचं नाव 'तहसीलदार' ठेवलं, कारण तो कितीही कागद खातो आणि एकाचंही उत्तर देत नाही. वंदना त्याला 'बाळ्या' म्हणते. ओ दोन्हीला देत नाही, पण 'बाळ्या' म्हटलं की निदान एक कान वळवतो.

आता झाडाकडे येतो. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. (बाबा होते तेव्हा तुमच्यासाठी आमच्या घरी पाट कसा मांडला जायचा, तुम्ही धोंडे किती खायचे, आणि "आता पुरे" म्हणत ताट कसं पुढे करायचे, हे मी लहान मेहुणा म्हणून दारात उभं राहून पाहिलंय. असो.) यंदा आमच्या जावयाचा पहिला अधिक. ऋत्विकराव पुण्याहून गाडी घेऊन आले. पुढच्या सीटवर पट्टा लावून एक झाड बसलेलं, आणि आमची पोरगी मागे सामानात. झाड म्हणजे काय सांगू! केळीच्या जातीतली रुंद पानं, आणि अंगभर पांढरे शिंतोडे, जसा काही रंगारी छताला चुना मारत असताना ते खाली उभं होतं. ते उतरवून त्यांनी बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, हे घरातली हवा शुद्ध करतं." आमच्या घराची हवा अशुद्ध आहे हे मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी आभार मानले. धोंडे झाले, अनारसे झाले, ओवाळणं झालं, जावईबुवा गेले. आणि वंदनानं कायदा केला की जावयानं अधिकात आणलेली वस्तू महिना सरेपर्यंत जागची हलवायची नाही. हा कायदा कोणत्या पोथीत आहे हे मी विचारलं नाही. तुम्हीही ताईला असं कधी विचारलं नसेल.

झाड स्टुलावर होतं तोवर सगळं सुरळीत होतं. (स्टूल मी घेतलं. ट्यूबलाइट लुकलुकत होती. झाड जागेवरच होतं, फक्त तीन फूट खाली आलं. कायद्याचा भंग नाही.) त्या दुपारी मी दुकानात. पेरणीआधीचे दिवस, माणसावर माणूस, प्रत्येकाला तेच बियाणं पाहिजे जे संपलंय. एवढ्यात वंदनाचा फोन, "आहो, बाळ्या लाळ गाळून राह्यला! तोंड घासून राह्यला पायानं. तुमी कोनतं औषध सांडलं घरात?" भाऊजी, माणूस दिवसभर गल्ल्यावर बसून फवारणीची बाटली विकतो तेव्हा त्याच्यावर हा आरोप होणारच. मी सदरा हुंगला, चपला हुंगल्या. एका गिऱ्हाइकाला माझा सदरा हुंगायला लावला. मग दुकान गोविंदावर सोपवून घरी गेलो. (गोविंदा आमच्याकडे टेम्पो चालवतो, त्याला बियाण्याच्या जाती सांगता येत नाहीत, पण तो "संपलं" फार चांगलं म्हणतो.)

घरी येऊन बघतो तर तहसीलदारसाहेब कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले, हनुवटी भिजलेली, कोथिंबीर समोर आणि तोंड फिरवलेलं. झाडाचं एक पान गायब, दुसरं अर्धं. वंदनानं पानाकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आमचं दोघांचं एका वेळी एकच मत झालं, की ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. जावयानं पहिल्या अधिकात सासरी विष आणलं, हे गावात कळलं तर पुढच्या पंधरा अधिकांत लोक दुसरं काही बोलणार नाहीत.

तुमच्याच टोपलीत त्याला घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथली रांग बघण्यासारखी होती. पुढे एक म्हैस, तिच्यामागे गफ्फारभाईंची शेळी, शेळीमागे मी. गफ्फारभाई टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "क्या नारायणराव, मले वाटलं कोंबडी हाये. हा तं बेमार दिसते. काय खाल्लं यानं?" वंदना म्हणाली, "गवत." गफ्फारभाईंनी आपल्या शेळीकडे पाहिलं, जी जन्मभर गवतच खात आली होती, आणि मग पुन्हा टोपलीकडे. असं दोनदा बघणारा माणूस रांगेत फार त्रासदायक असतो.

डॉक्टर मुबीना मॅडम नवीन आल्यात, वयानं आमच्या पुष्पांजलीएवढ्या. त्यांनी टोपलीतून त्याला असं उचललं की माझाच जीव मोकळा झाला. तोंड उघडून बघितलं, डोळे बघितले, मग विचारलं, "काय खाल्लं?" वंदना, "गवतच." "गवतानं जीभ अशी सुजत नाही काकू." मग माझ्याकडे बघून, "काका, तुमचा धंदा काय?" मी म्हणालो, कृषी केंद्र. झालं. म्हैसवाला, शेळीवाला, कंपाउंडर, सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच चावलो त्याला. गफ्फारभाई हळूच म्हणाले, "मंग तर उघडच हाये." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फवारणीच्या औषधानं अशीच लाळ गळते, त्याचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. आणि त्या सुई भरायला लागल्या. आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? तोंड उघडलं तर जावयाची अब्रू जाते, बंद ठेवलं तर माझी. मी बंद ठेवलं. सासऱ्याचं काय, त्याची अब्रू मुलीच्या लग्नातच मांडवाच्या बिलाबरोबर चुकती झालेली असते. दिवसभर विष विकतो, आता एक सशाचा गुन्हा अंगावर आला, येऊ द्या, असं म्हणून मी मान खाली घातली.

सुई भरली गेली. डॉक्टरांनी सशाची मान धरली. आणि वंदना, जी माहेरच्या माणसांसमोरही डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती म्हशीपेक्षा मोठ्यानं ओरडली, "थांबा! आमच्या जवाईबुवांचं झाड खाल्लं त्यानं!"

गफ्फारभाई शेळीसकट दोन पावलं पुढे आले.

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. मग त्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, ताईला तुम्ही पत्र वाचून दाखवता म्हणून. मथितार्थ असा, की ती सुई दिली असती तर सशाचं आतडं जागच्या जागी थांबलं असतं, आणि थांबलेल्या आतड्याचा ससा फार वेळ काढत नाही. "ससा ओकू शकत नाही काकू. आत गेलं ते खालूनच बाहेर पडायला पाहिजे. झाडाचं नाव काय?" नाव आम्हाला कुठे ठाऊक! आमच्याकडे ते 'जावयाचं झाड' एवढंच. नाव पुण्यात. म्हणजे पुण्याला फोन करायचा, नाव विचारायचं, आणि कशासाठी विचारतोय हे कळू द्यायचं नाही. वंदनानं फोन लावून माझ्या हातात दिला. (अशी कामं आमच्या घरात माझ्या वाट्याला येतात.)

मी म्हणालो, "ऋत्विकराव, सहज फोन केला. तुमचं झाड इतकं छान फुटलंय, येणारा-जाणारा नाव विचारतो." ते इतके खूश झाले की नाव सोडून सगळं सांगितलं. पाणी किती, ऊन किती, शोभेची झाडं निवडताना काय बघावं, त्यांच्या ऑफिसात अशी किती आहेत. इकडे डॉक्टर हातानं खुणावतात, लवकर. तिकडे म्हैस हंबरते. जावईबुवा म्हणाले, "बाबा, म्हशीचा आवाज येतोय का? कुठे आहात तुम्ही?" भाऊजी, खोटं बोलायला वेळ लागतो आणि तो मला नव्हता. मी म्हणालो, "शेगावला, दर्शनाला." "मंदिरात म्हैस?" मी म्हणालो, "रांगेत आहे." पुण्याच्या माणसाचा आपल्या भागाबद्दल असा समज आहे की त्यांना हे पटलं. मग नाव मिळालं, डायफेनबॅकिया. डॉक्टरांनी ते ऐकताच मान हलवली. त्या पानाच्या चिकात सुईसारखे बारीक कण असतात म्हणे, ते तोंडात रुततात, जीभ सुजते, खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की सशाचं पोट बंद. त्यांनी त्याचं तोंड पाण्यानं पुन्हापुन्हा धुतलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं, सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ लगदा भरवायला शिकवलं, आणि शेवटी न्यायाधीशानं निकाल सांगावा तसं म्हणाल्या, "लेंडी पडली की मला फोन करा. नाही पडली तरी करा."

घरी आल्यावर वंदना जमिनीवर बसली ती उठलीच नाही. मांडीवर टॉवेल, टॉवेलात तो, हातात सिरिंज. स्वयंपाक नाही, मी चिवडा खाल्ला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घरातल्या बाकी झाडांचे फोटो पाठवा, ते पाठवले. उत्तर आलं की टीव्हीवरचा मनी प्लांट नको, खिडकीतली कोरफड नको, पट्ट्यापट्ट्यांचं उभं झाड नको, परसातली कण्हेर तर नकोच. म्हणजे माझ्या दुकानापेक्षा माझ्या बैठकीत जास्त विष निघालं. फरक एवढाच, की दुकानातल्या बाटलीवर लाल त्रिकोण असतो आणि ती विकायला मला परवाना काढावा लागतो. कुंडीवर गाठ मारलेली सॅटिनची फीत असते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसलो, पण लक्ष नव्हतं. बातमी अर्थातच गफ्फारभाईंच्या शेळीबरोबर गावभर गेली होती. बियाणं घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "पडली का?" शेवटी दुपारी वंदनाचा फोन आला, आणि रडतेय की हसतेय हे मला कळेना, पण शब्द कळला. मी गल्ल्यावरून उठून ओरडलो, "पडली!" मागे उभे असलेले तीन शेतकरी, ज्यांना सशाचं काही माहीत नव्हतं, एकदम पुढे आले, "काय पडलं? सोयाबीन?" त्यांची समजूत घालता घालता अर्धा तास गेला. घरी जाऊन पाहिलं तर त्या पराक्रमासाठी त्यानं आजच्या पेपरची बाजारभावांचीच जागा निवडलेली. खामगावचा भाव त्याखाली होता. असू दे म्हटलं.

झाडाचं काय झालं असं विचाराल. महिना सरेपर्यंत ते हलवायचं नव्हतं, आणि बाळ्याला तर आता हलवायचंच नव्हतं. वंदनानं कायद्यात दुरुस्ती केली की घरापेक्षा दुकान दर्शनी, म्हणून ते माझ्या काउंटरवर आणलं. फवारणीच्या बाटल्यांच्या रांगेत ते इतकं शोभतं की दोघांनी त्याची कंपनी विचारली. मी एका रिकाम्या खोक्याचा लाल त्रिकोण कापून कुंडीला चिकटवलाय. जावईबुवांना सांगितलं की तुमचं झाड आता शंभर माणसांची हवा शुद्ध करतं. ते म्हणाले, "मग दिवाळीला आणखी दोन आणतो."

तेव्हा भाऊजी, एका सशापायी माझी पेपरची पानं, दुकानाचा एक दिवस, गावातली पत आणि महाराजांच्या नावानं बोललेलं एक खोटं, एवढं सगळं खर्ची पडलं. शेवटच्याचं प्रायश्चित्त म्हणून येत्या गुरुवारी आम्ही दोघं खरंच शेगावला जातोय. असा प्राणी कोणत्याही सुखी घरात नसावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवून ठेवू इच्छित नाही. ताईला नमस्कार, बरणीला कुलूप.

तुमचा मेहुणा,
नारायण

ता. क. वरचं मत माझं एकट्याचं आहे, घराचं नाही.

ता. क. दुसरा. ढाबेवाल्याबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर घालणं मला कर्तव्य वाटतं. ज्या सशाच्या पोटात विषारी झाड जाऊन आलं आणि वर सरकारी दवाखान्याचं औषध गेलं, तो गिऱ्हाइकाच्या ताटात वाढणं हे तुमच्यासारख्या सज्जन माणसाला शोभणार नाही. मी विषाच्या धंद्यातला माणूस आहे. माझं या बाबतीत ऐकावं. ढाबेवाल्याला माझा नंबर द्या, त्याला मी लाल त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगेन. (डॉक्टर म्हणतात तो आता ठणठणीत आहे. हे वाक्य त्याला वाचून दाखवू नका.)

ता. क. तिसरा. वंदनाला ढाब्याचं अजून माहीत नाही. अधिक सरल्यावर तुम्ही याल म्हणून तिनं आतापासून बाळ्याला सांगून ठेवलंय, "आतोबा येनार हायेत तुले भेटाले." तुम्ही भेटायलाच या.

ता. क. शेवटचा. गोविंदा बियाण्याचा टेम्पो घेऊन पिंपळगावला येतोय, त्याच्याबरोबर तुमची टोपली पाठवतोय. टोपली रिकामी नाही. खाली गवत, वर तांब्याच्या ताम्हनात अनारसे आहेत, तेहतीस, आणि एक दिवा. बाबांच्या मागे तुमचं हे अधिकाचं वाण द्यायचं माझ्याकडे होतं. मागच्या अधिकात राहून गेलं. वंदनानं तळले, मी फक्त खसखस लावली. एक बाळ्यानं कुरतडला होता, तो मी खाल्ला आणि त्याच्या जागी नवा ठेवलाय, म्हणून मोजायला हरकत नाही. पाटावर बसा, ताईकडून ओवाळून घ्या, आणि पहिल्यांदा "आता पुरे" म्हणा, मग ताट पुढे करा. ताम्हन तुमचंच. टोपलीही तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला आता ती लागणार नाही.